आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

चार ओळींचा एक कागद माणसाला किती शरमिंदा करू शकतो, हे मला 1994 च्या श्रावणात कळले. मंचरच्या माझ्या दवाखान्यात दुपारच्या एसटीने पुण्याहून एक लिफाफा आला. आत विकृतिशास्त्राच्या तज्ज्ञाचा अहवाल होता. माझ्या एका रुग्णाच्या मानेतली गाठ काढून मी तिचा तुकडा तपासायला पाठवला होता. अहवालाचा मथितार्थ असा, की ही गाठ क्षयाची नाही. ही जननपेशींच्या कर्करोगाची गाठ आहे आणि ती येथे दुसरीकडून आलेली आहे. कृपया रुग्णाचे वृषण तपासून पाहावेत.

तो मुलगा होता घोड नदीपलीकडच्या एका वाडीतला. वय चोवीस, अंगाने धट्टाकट्टा. घरची बटाट्याची शेती. पाठ दुखते म्हणून तो फाल्गुनात माझ्याकडे आला होता. बटाट्याची पोती पाठीवर वाहणाऱ्या पोराची पाठ दुखणारच, असे मी धरून चाललो. गोळ्या दिल्या, मलम दिले, इंजेक्शने दिली, कमरेला पट्टा लावायला सांगितला. रात्री दुखणे वाढते, असे तो सांगे. ते मी ऐकत होतो, पण मनावर घेत नव्हतो. वैशाख संपता संपता त्याच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर, एक गाठ दिसू लागली. आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात मानेत गाठ म्हटली की डॉक्टरच्या डोळ्यापुढे पहिल्यांदा क्षयच येतो. मी क्षयाची औषधे सुरू केली. दीड महिना गेला. गाठ हटेना, उलट वाढली, तेव्हा कुठे ती कापून पुण्याला पाठवली.

या पाच महिन्यांत मी त्याची पाठ तपासली, पोट तपासले, छाती ऐकली, मान चाचपली. पण पायजम्याची नाडी सोड, असे मी त्याला एकदाही म्हणालो नव्हतो. त्या संध्याकाळी त्याला बोलावून घेतले. डाव्या वृषणात सुपारीएवढी टणक गाठ होती. दाबली तरी दुखत नव्हती. ती त्याला वर्षभरापासून ठाऊक होती. घरात त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि असली गोष्ट सांगायची कोणाला, आईला की वडलांना, हे त्याला कळत नव्हते. त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आमची दोघांची गत झाली होती.

त्या रात्री झोप येईना. जुन्या पेटीतून मी विकृतिशास्त्राच्या वह्या बाहेर काढल्या. आम्हाला हा विषय शिकवणारे सर वर्गात एक नाव नेहमी आदराने घेत. ते नाव होते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे. मानेतला हरभऱ्याएवढा तुकडा पाहून मुळाचा रोग भलतीकडे आहे, हे पुण्यात बसलेल्या माणसाला सांगता आले. ही विद्या आपल्या देशात रुजवण्यात ज्यांचा फार मोठा वाटा आहे, ते हे खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक, असा त्यांचा उल्लेख केला जातो. मराठी घरांतून मात्र आज हे नाव फारसे ऐकू येत नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी चार शब्द.

वसंतरावांचा जन्म 13 एप्रिल 1895 चा, गोमंतक मराठा समाजातल्या घरातला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि 1923 साली विकृतिशास्त्रात एम. डी. ही पदवी मिळवली. विलायतेची पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरला त्या काळी मुंबईत काय कमी होते? गिरगावात किंवा फोर्टात पाटी लावली असती, तर दारात गाड्या उभ्या राहिल्या असत्या. खानोलकरांनी मात्र ज्या शाखेत ना रुग्णाचा नमस्कार ना फीची थैली, ती शाखा धरली. विकृतिशास्त्र म्हणजे मुडद्यांचे शास्त्र, अशी तेव्हा लोकांची समजूत होती. शवविच्छेदनाची खोली, औषधी द्रवात ठेवलेले अवयव आणि काचपट्टीवरचे रंगवलेले पापुद्रे यांतच त्या माणसांचा दिवस जायचा. रुग्ण बरा झाला की श्रेय शल्यविशारदाचे. विकृतिशास्त्रज्ञाचे नावही घरच्यांना ठाऊक नसते.

खानोलकर आधी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथूनच पुढे त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळला कर्करोगाचे खास रुग्णालय उभे राहिले आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी ते सुरू झाले. या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे आणि संशोधनाचे संचालक म्हणून खानोलकर आले. तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीसच्या आसपास होते.

त्या काळी कर्करोग हा गोऱ्या, श्रीमंत देशांचा रोग आहे, आपल्याकडे तो क्वचित होतो, असे मानणारे डॉक्टर पुष्कळ होते. खानोलकरांच्या टेबलावर येणाऱ्या काचपट्ट्या मात्र वेगळेच सांगत होत्या. कर्करोग येथेही होता, फक्त त्याच्या जागा वेगळ्या होत्या. तोंडाचा, जिभेचा, घशाचा कर्करोग आपल्याकडे पुष्कळ. मग या जागाच का? या प्रश्नाचे उत्तर त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शोधले, तसेच माणसांच्या सवयींतही शोधले. परळ म्हणजे गिरण्यांचा मुलूख. कोकणातला, घाटावरचा, उत्तरेकडचा कामगार तेथे राबत होता. हा माणूस काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, हे पाहिल्यावाचून त्याचा रोग कळणार नाही, हे खानोलकरांनी ओळखले.

1945 साली डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी अमेरिकेतल्या एका नामांकित नियतकालिकात एक निबंध लिहिला. सवयींमधून उद्भवणाऱ्या, भारतात आढळलेल्या कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांची त्यात माहिती होती. तंबाखू आणि चुना मळून ती खैनी खालच्या ओठाच्या आत धरून ठेवणाऱ्यांना नेमका तेथेच होणारा कर्करोग, हा त्यातला एक. दुसरा तर आपल्या अंगणातलाच, धोतराचा कर्करोग. वर्षानुवर्षे कमरेला धोतर करकचून आवळले की काचामुळे तेथली कातडी काळवंडते, मग पांढुरकी पडते, जाड होते. क्वचित एखाद्याला तेथे न भरणारी जखम होते आणि तिचाच पुढे कर्करोग होतो. जुन्नरच्या बाजारात धोतर-पटका घालून आलेल्या म्हाताऱ्यांच्या कमरेवर असे काळे वळ मी कितीदा तरी पाहिले आहेत. नऊवारी नेसणाऱ्या आमच्या आज्यांच्या कमरेवरही ते असत. आम्ही ते रोज पाहत होतो, पण त्यात पाहण्यासारखे काही आहे, असे आम्हाला वाटले नाही. खानोलकरांनी पाहिले आणि लिहून ठेवले. माझ्या मते त्यांचे मोठेपण येथेच आहे. रोग समजून घ्यायचा तर कपड्याच्या आतली, तोंडाच्या आतली, सांगायला लाज वाटणारी जागाही पाहिली पाहिजे, हे त्यांच्या कामातून दिसते.

मुंबईत एकाच गल्लीत हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती राहतात. हवा तीच, पाणी तेच. तरी त्यांच्यातल्या कर्करोगाची ठिकाणे निरनिराळी. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक, हिंदू स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा अधिक. सुंता करण्याची चाल असलेल्या समाजात शिश्नाचा कर्करोग विरळा. हे फरक टिपून त्यांमागची कारणे शोधण्याचे काम भारतात ज्यांनी आरंभी केले, त्यांत खानोलकर पुढे होते. 1949 साली डॉ. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतल्या, आपसातच लग्ने करणाऱ्या सहा जातिगटांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण तपासून प्रसिद्ध केले. माणूस, त्याचे कूळ आणि त्याची राहणी ही तिन्ही एकत्र पाहायची, ही त्यांची रीत होती.

1952 साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. त्याची उभारणी खानोलकरांनी केली आणि संचालकपदही त्यांच्याकडेच आले. माणसे हेरण्याची त्यांची नजरही काचपट्टीवरच्या नजरेइतकीच तयार होती. पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेली, कृषी महाविद्यालयातून सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींवर एम. एस्सी. केलेली एक तरुणी लग्नानंतर मुंबईला आली होती. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली तिने 1949 साली डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत जाऊन पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याचे तंत्र ती शिकली आणि परत येऊन तिने तशी प्रयोगशाळा मुंबईत उभी केली. त्या डॉ. कमल रणदिवे. याच कमलताईंनी उतारवयात आमच्या जुन्नरला लागून असलेल्या तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. गुरूने परळच्या गिरणगावात पाहिले, शिष्या डोंगरातल्या पाड्यांवर गेली.

खानोलकरांना एकट्या कर्करोगाने बांधून ठेवले नाही. कुष्ठरोगावर त्यांनी पुष्कळ काम केले. 1958 साली डॉ. बापट, डॉ. रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे जाहीर केले. केंद्राच्या आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी जंतू हे नाव पडले. अणुऊर्जा खात्याच्या जैविक आणि वैद्यकीय सल्लागार समितीचे ते अध्यक्ष होते. केरळच्या किनाऱ्यावरच्या किरणोत्सारी वाळूत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या लोकांवर काय परिणाम होतो, हा प्रश्नही त्यांनी हाती घेतला होता. कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपद, भारतीय विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे पहिले अध्यक्षपद, 1960 ते 1963 मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा बहुमान, पद्मभूषण, असे पुष्कळ काही त्यांच्या वाट्याला आले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. वृषणाच्या कर्करोगामुळे खानोलकरांचे नाव झालेले नाही. त्यांचे नाव झाले तोंडाच्या कर्करोगामुळे, तंबाखूमुळे, कुष्ठरोगामुळे. मग माझ्या त्या मुलाच्या गोष्टीत ते कसे आले? ते आले त्या तुकड्यातून. शरीराची तक्रार जेथे आहे तेथेच रोग आहे, असे धरून चालू नये. संशय आला तर पेशींचा पुरावा मागावा आणि तो पुरावा जेथे बोट दाखवील तेथे, लाज न बाळगता, जाऊन पाहावे. ही शिस्त ज्या रोगाला सगळ्यांत अधिक लागू पडते, तो हा वृषणाचा कर्करोग.

असे का, हे वाचकांना थोडक्यात सांगतो. बाळ आईच्या पोटात असताना त्याचे वृषण आजच्या जागी नसतात. ते तयार होतात पोटात, मूत्रपिंडाजवळ, आणि जन्माच्या सुमारास खाली पिशवीत उतरतात. उतरताना आपल्या रक्तवाहिन्या आणि लसिकेच्या नळ्या बरोबर घेऊन येतात. सासरी आलेल्या मुलीचे माहेरचे येणे-जाणे चालूच राहावे, तसे हे नाते जन्मभर टिकते. त्यामुळे वृषणातला कर्करोग पसरला, की पहिल्यांदा जांघेत न जाता तो माहेरी जातो, म्हणजे पोटाच्या मागच्या बाजूला, कण्यालगतच्या लसिका गाठींमध्ये. तेथे गाठी वाढल्या की पाठ दुखते. तेथून लसिकेची मोठी नळी छातीतून वर चढते आणि डाव्या गळ्याच्या हाडामागे रक्तात उतरते. माझ्या रुग्णाची पाठ आणि डाव्या मानेतली गाठ ही एकाच वाटेवरची दोन ठाणी होती. मी दोन वेगळे रोग समजून दोन वेगळी औषधे देत बसलो.

या रोगाची सोंगे आणखीही आहेत. फुप्फुसात पसरला तर खोकला येतो, थुंकीतून रक्त पडते आणि पुन्हा क्षयाचाच संशय येतो. काही गाठी एचसीजी नावाचे संप्रेरक तयार करतात. त्याने तरुण मुलाची छाती बाईसारखी वाढू लागते. घरचे त्याला हसतात आणि तो घट्ट बनियन घालून हिंडतो. बायकांच्या गर्भधारणेची चाचणी याच संप्रेरकावर चालते, त्यामुळे अशा पुरुषाच्या लघवीची ती चाचणी चक्क होकार देऊ शकते. ज्याचे वृषण लहानपणी खाली उतरलेच नाही, त्याला या रोगाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक, आणि मग गाठ येते ती पोटातच. कधी वृषणाभोवती पाणी साठते आणि अंडवृद्धी म्हणून सोडून दिले जाते. कधी सूज आणि दुखणे पाहून जंतूंचा संसर्ग समजून औषधांवर औषधे दिली जातात. कधी तर वृषणातली मूळ गाठ आपोआप विझून जाते, हाताला काहीच लागत नाही, सोनोग्राफीत नुसता व्रण दिसतो आणि रोग मात्र पोटात वाढत असतो. क्वचित हाच कर्करोग वृषण सोडून थेट छातीच्या मध्यभागी उगवतो.

खानोलकरांच्या ऐन उमेदीच्या काळात माझा रुग्ण परळला गेला असता, तर काचपट्टीवर त्याच्या रोगाचे नाव लागले असते, पण पुढे काय? सेमिनोमा नावाचा प्रकार क्ष-किरणांना दाद देई. इतर प्रकार शरीरभर पसरले, की बहुतेक तरुण वर्ष-दोन वर्षांत जात. 1965 साली अमेरिकेतल्या बार्नेट रोझेनबर्ग या शास्त्रज्ञाने जंतूंवर विजेचा प्रयोग करताना पाहिले, की जंतूंची विभागणीच थांबली आहे. शोध घेता कळले, की ही करामत विजेची नव्हे, प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून द्रावणात उतरलेल्या संयुगाची आहे. त्यातून सिसप्लॅटिन हे औषध आले. 1974 साली डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी इंडियाना विद्यापीठात ते आणखी दोन औषधांबरोबर वृषणाच्या कर्करोगावर वापरले. त्या दोहोंतले एक आपल्या अंगणातल्या सदाफुलीच्या कुळीचे, तिच्या पानांतून काढलेले. (म्हणून कोणी सदाफुलीची पाने चावत बसू नये. ते विष आहे आणि औषध होते ते तोलूनमापून दिल्यावरच.) जे मरायचे ते तरुण उठून घरी जाऊ लागले. डिसेंबर 1978 मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. खानोलकर वारले 29 ऑक्टोबर 1978 रोजी. मधे दोन महिनेही गेले नव्हते.

तथापि औषध कितीही गुणकारी असो, रोगाला नाव मिळाल्याशिवाय ते कोणाला देणार? माझ्या रुग्णाला मी आणखी चार महिने क्षयाचे औषध देत राहिलो असतो, तर जगातले सगळे प्लॅटिनम त्याच्या उपयोगी पडले नसते.

अहवाल आल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचे वडील त्याला घेऊन माळशेज घाटाच्या एसटीने कल्याणमार्गे मुंबईला गेले. आमच्या भागातली पुष्कळ माणसे मुंबईत डबे पोचवतात. त्याचा चुलताही डबेवाला, लालबागला एका खोलीत चौघांबरोबर राहणारा. तेथे सोय झाली. परळला रक्ततपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. डावे वृषण शस्त्रक्रियेने काढले, तेही जांघेतून. पिशवीला सुई टोचायची नाही आणि तिकडून कापायचेही नाही, नाहीतर रोगाला नवी वाट मिळते. मग तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने औषधांचे चार फेरे झाले. केस गेले, भुवया गेल्या, पाण्याचा घोट पोटात ठरेना. चुलता सकाळी डबे घेऊन जायचा आणि दुपारी परतून त्याच्यासाठी मऊ भात शिजवायचा. खर्चासाठी घरच्यांनी बटाटा चाळीत न ठेवता पडेल भावाने विकला.

मी दोनदा त्याला भेटायला परळला गेलो. दुसऱ्या खेपेस तेथल्या व्हरांड्यात, बाकावर रांगेने बसलेल्या माणसांत मी बराच वेळ बसून राहिलो. कोणी साताऱ्याचा, कोणी बिहारचा, कोणाच्या गालाला पट्टी, कोणाच्या कमरेला धोतर. याच आवारात पन्नास वर्षांपूर्वी एका माणसाने अशाच रांगेकडे पाहून, तुम्ही काय चघळता, काय नेसता, असे विचारायला सुरुवात केली होती. माझ्या पाच महिन्यांत असा एक प्रश्न कमी पडला होता. मुलाच्या वडलांना मी ते तेथेच सांगितले. उशीर माझ्याकडून झाला, असे स्पष्ट सांगितले. त्यांनी काही वेळ पायांकडे पाहिले आणि मग, चहा घेऊ या का, असे विचारले. त्या चहाची चव अजून जिभेवर आहे.

मुलगा वाचला. पुढच्या वर्षी केस आले, दोन वर्षांनी लग्न झाले. मुलीकडच्यांपासून काही लपवायचे नाही, असा त्याने हट्ट धरला आणि तो शेवटास नेला. एक वृषण चांगले असले, की संसाराला आणि मुलाबाळांना ते बहुधा पुरते, हे मी मुलीच्या वडलांना दवाखान्यात बसवून समजावले होते. औषधांपूर्वी वीर्य साठवून ठेवण्याचीही सोय आता असते आणि अशा रुग्णांनी ती आधीच विचारून घ्यावी. त्याला दोन मुली झाल्या. परवा धाकटीच्या साखरपुड्याचे आमंत्रण द्यायला तो आला, तेव्हा त्याच्या मिशा माझ्यासारख्याच पांढऱ्या झालेल्या पाहून मला मोठी गंमत वाटली.

हा रोग आपल्याकडे विरळा आहे. त्यासाठी गावोगाव तपासणीची मोहीम काढावी, इतका तो मोठा नाही. पण तो होतो बहुधा पंधरा ते चाळीस या वयात, घराचा आधार असलेल्या पोरांना, आणि वेळेवर कळला तर जवळजवळ सगळेच बरे होतात. शरीरात पसरल्यावरही बहुतेक जण बरे होतात, असे ज्या थोड्या कर्करोगांविषयी म्हणता येते, त्यांतला हा एक. वाटेत उभी राहते ती लाज. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलगा वयात आला, की आंघोळीच्या वेळी दुखत नसलेली गाठ, जडपणा किंवा सूज जाणवली तर लपवू नकोस, एवढे त्याला एकदा सांगावे. तान्ह्या मुलाचे वृषण खाली उतरले आहेत ना, हे पाहून घ्यावे आणि सहा महिन्यांतही उतरले नसतील तर डॉक्टरांना दाखवावे. संसर्गाची म्हणून औषध दिलेली सूज दोन आठवड्यांत ओसरली नाही, तर सोनोग्राफीचा आग्रह धरावा.

नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राचे मोठे संशोधन संकुल आहे. तेथल्या एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव दिले आहे. ज्याने जन्मभर शोध घेतला, त्याच्या नावाला हा शब्द शोभतो. माझ्या दवाखान्यात त्यांचे छायाचित्र नाही. मात्र 1994 पासून कोणी तरुण पाठीचे दुखणे, न हटणारा खोकला किंवा मानेतली गाठ घेऊन आला, तर मी दार लोटतो, पडदा ओढतो आणि त्याला नाडी सोडायला सांगतो. पोरे लाजतात. मी हात धुतो आणि थांबतो.